न्यू जर्सीतला अर्थ सायन्सचा वर्ग: नव्याने आलेल्या आईबाबांसाठी

सप्टेंबरचा पहिला आठवडा. मूल दप्तरातून चार-पाच पानी कागद काढून पुढ्यात टाकतं आणि म्हणतं, "आई, इथे सही कर, उद्या द्यायचंय." थोरलीच्या वेळी मी कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता सही ठोकली होती. वाचलं काहीच नव्हतं. पुढचे तीन महिने तिचे जिथे जिथे मार्क गेले, तिथे तिथे त्याच कागदातलं एखादं वाक्य वर यायचं. आता धाकटा त्याच वर्गात आहे आणि मी सहीच्या आधी चहा करून बसते. एच-वन किंवा एल-वन व्हिसावर नुकत्याच आलेल्या आणि मिडल स्कूलमध्ये (साधारण सहावी ते आठवी) मूल घातलेल्या घरांसाठी हे लिहिते आहे.

आधी विषयाबद्दल थोडं. अर्थ सायन्स म्हणजे आपला भूगोल, असं मी धरून चालले होते. निम्मं खरं आहे. खडक, ऋतू, वारे, भूकंप हे सगळं आपण भूगोलात शिकलो, व्याख्या पाठ केल्या, आकृत्या काढल्या. इथे तोच मजकूर विज्ञानात येतो, म्हणजे लॅबसकट, मोजमापासकट. राज्याच्या अभ्यासक्रमात याचे ढोबळ तीन भाग आहेत: अवकाशातली पृथ्वी, पृथ्वीवरची यंत्रणा (खडक, पाणी, हवामान) आणि माणसाचा पृथ्वीवर होणारा परिणाम. हवामानबदल वेगवेगळ्या विषयांतून शिकवायचा असं अभ्यासक्रमातच घालणारं न्यू जर्सी हे पहिलं राज्य, २०२० साली ते ठरलं. त्यामुळे तिसरा भाग वर्षाअखेरीस घाईत उरकला जाईल अशी आशा धरू नका. कुठल्या इयत्तेत काय, हे तुमचा डिस्ट्रिक्ट, म्हणजे गावातल्या शाळांचा कारभार बघणारं मंडळ, ठरवतं. कुठे सगळं सहावीत, कुठे आठवीत, कुठे तिन्ही वर्षांत वाटून. राज्याची विज्ञानाची परीक्षा पाचवी, आठवी आणि अकरावीत असते.

हाताशी काय लागेल

- सही करून द्यायचे कागद: सिलॅबस, सेफ्टी काँट्रॅक्ट, ॲलर्जी आणि दम्याची माहिती, आणीबाणीत फोन करायचे दोन नंबर. सहलीची परवानगी नंतर वेगळी येते.
- पेरेंट पोर्टलचा, म्हणजे मार्क आणि कामं दाखवणाऱ्या शाळेच्या वेबसाइटचा पासवर्ड. मुलाचा वेगळा, तुमचा वेगळा.
- शिवलेली कंपोझिशन नोटबुक. स्पायरल नको, कारण पुढे सांगते.
- पेन्सिली, रंगीत पेन्सिली, सेंटिमीटरची पट्टी. लॅपटॉप आमच्याकडे शाळाच देते.
- लॅबच्या दिवशी घालायचे पुढून बंद असलेले बूट आणि केसांचं रबर.

गॉगल बहुतेक शाळाच देते. विकत आणण्याआधी विचारा. मी उगाच पंधरा डॉलर घातले.

१. "सिलॅबस" म्हणजे पोर्शन नव्हे

आपल्याकडे सिलॅबस म्हटलं की धडे किती आणि परीक्षेला काय, एवढंच. इथे सिलॅबस हा वर्गाचा करार असतो. उशिरा दिलेल्या कामाचे किती मार्क कापणार, टेस्ट पुन्हा देता येते का, लॅबचं वजन किती, गृहपाठाचं किती, गैरहजर राहिल्यावर काम किती दिवसांत पुरं करायचं, हे सगळं त्यात असतं. शिक्षक बदलले की हे आकडेही बदलतात, म्हणून शेजारच्या काकूंच्या मुलाच्या वर्गाचे नियम आपल्याला लावू नका.

तीन ओळी शोधून खूण करा: लॅबचं वजन, उशिराचा नियम, रिटेकचा नियम. आमच्याकडे लॅब आणि प्रोजेक्टचं वजन टेस्टच्या बरोबरीने होतं. मी मात्र घरी बसून लेकीकडून टेस्टची घोकंपट्टी करून घेत होते.

२. सेफ्टी काँट्रॅक्ट: दगडच तर आहेत, असं म्हणू नका

दगडांच्या तासाला कसला आलाय धोका, असं मलाही वाटलं होतं. पण कॅल्साइट ओळखायला त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकतात (कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे फसफसतात), खडक हातोडीने फोडले तर कपच्या उडतात, पाणी तापवायला हॉट प्लेट असते. म्हणून नियम साधारण असे:

गॉगल डोळ्यांवर, कपाळावर नाही. आपलं काम झालं म्हणून काढायचा नाही, शेवटच्या गटाचं टेबल पुसून होईपर्यंत तो राहतो. केस बांधलेले. खाणंपिणं, च्युइंगगम बंद. काच फुटली तर हात न लावता शिक्षकांना सांगायचं, आणि सांगितल्याबद्दल कुणी ओरडत नाही. हे मुलाला मुद्दाम सांगा. आपली मुलं काही फुटलं की आधी लपवतात. आणि कुठलीही वस्तू चाखायची नाही. सैंधव चवीने ओळखता येतं हे घरी आजोबांनी शिकवलेलं असलं तरी नाही.

आमची फजिती दिवाळीत झाली. थोरली हौसेने घागरा, ओढणी आणि सॅंडल घालून शाळेत गेली. नेमकी त्या दिवशी आम्लाची लॅब. ओढणी लोंबती, बोटं उघडी. तिला बाजूला बसवून लेखी काम दिलं. रडत घरी आली. शिक्षकांचं काही चुकलं नव्हतं, ते सगळं काँट्रॅक्टमध्ये होतं आणि खाली माझी सही होती. सणाच्या दिवशी लॅब आहे का ते आदल्या रात्री बघा आणि दप्तरात बूट आणि शर्ट ठेवून द्या.

३. वही फाडायची नाही, खोडायची नाही

लॅबची वही शिवलेली मागतात, कारण पान फाडलं की कळतं. चूक झाली तर एक रेघ मारायची, जुना आकडा वाचता आला पाहिजे. व्हाइटनर चालत नाही. आपल्या मुलांना "वही स्वच्छ ठेव" हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की घरी आल्यावर ती कच्ची नोंद सुवाच्य अक्षरात दुसरीकडे उतरवतात आणि मूळ पान टाकून देतात. त्या मूळ पानालाच मार्क असतात.

तारखेचा घोळ मात्र जवळजवळ प्रत्येक देशी घरात होतो. ५/९ म्हणजे इथे मे महिन्याची नऊ तारीख. महिनाभराच्या निरीक्षणात हे उलटंसुलटं झालं की आलेखच कोसळतो. महिना अक्षरात लिहायला सांगा, प्रश्न मिटतो.

एककांचं उलट आहे. बाहेर सगळं फॅरनहाइट, फूट आणि पाउंड. विज्ञानाच्या वर्गात सेल्सिअस, मीटर, ग्रॅम. इथे आपल्या मुलांची चंगळ. फक्त मिलियन-बिलियनला घरी मदत लागते, कारण आपण लाख-कोटीत विचार करतो. मिलियन म्हणजे दहा लाख, बिलियन म्हणजे अब्ज. पृथ्वीचं वय साडेचार अब्ज वर्षांहून थोडं जास्त, सह्याद्रीचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे इथल्या भाषेत ६६ मिलियन.

४. जे दिसलं तेच लिहायचं

बाकी काही वाचलं नाहीत तरी एवढं वाचा.

थोरलीची घनतेची लॅब होती. पांढरा दगड, गारगोटीचा. वजन ५३ ग्रॅम. मोजपात्रात ५० मिलिलिटर पाणी, दगड सोडल्यावर पातळी ७२. म्हणजे आकारमान २२, घनता २.४ च्या आसपास. शेजारच्या मुलाने शोधून सांगितलं की क्वार्ट्झची, म्हणजे गारगोटीची, घनता २.६५ असते. लेकीने ७२ चे ७० केले. ५३ भागिले २०, बरोबर २.६५. घरी येऊन खूश.

लॅबला दहापैकी चार. मी चिडून शिक्षिकेला मेल लिहायला बसले, "उत्तर अचूक असताना मार्क का कापले?" पाठवायच्या आधी वही उघडून बघितली ते बरं झालं. शिक्षिकेने समासात लिहिलं होतं: तुझ्या गटातल्या बाकी तिघांनी ७२ वाचलं आहे. तुझ्या दगडाला बुडबुडा चिकटला होता का?

चिकटला होता. बुडबुड्यामुळे आकारमान जास्त भरतं आणि घनता कमी येते. २.४ लिहून खाली "बुडबुडा होता, म्हणून कमी आली असेल" एवढं एक वाक्य टाकलं असतं तर पूर्ण मार्क होते.

मला माझी बारावी आठवली. फिजिक्सच्या जर्नलमध्ये रीडिंग कशी "बसवायची" हे आम्हाला सीनियर मुलांनीच शिकवलं होतं. आधी उत्तर, मग त्यावरून मागे येत निरीक्षणं. आमच्या सगळ्या बॅचचा g (गुरुत्वीय त्वरण) ९.८ यायचा, लंबक कसाही हलला तरी. ती सवय नकळत मुलांच्या कानावर जाते. "उत्तर किती आलं पाहिजे?" हा प्रश्न घरात बंद करा आणि "तुला किती आलं, का आलं असेल?" हा सुरू करा. पात्रातली पातळी वाचताना डोळा पाण्याच्या उंचीला आणायचा आणि वक्राचा तळ वाचायचा, हेही एकदा स्वयंपाकघरात करून दाखवा. वरून वाकून वाचलं की हमखास चुकतं.

गटात मोजमापं सामायिक असतात. निष्कर्ष मात्र प्रत्येकाने आपला लिहायचा. दोघांचं वाक्य शब्दशः एक निघालं तर दोघांनाही शून्य, कुणी कुणाचं पाहिलं हे विचारत बसत नाहीत.

५. दावा, पुरावा आणि मधला दुवा

लेखी उत्तरांचा एक ठरलेला साचा असतो. आधी दावा, मग पुरावा, मग त्या पुराव्यावरून तो दावा का खरा ठरतो याचं कारण. आपली मुलं दावा झकास लिहितात, कधी पुरावाही देतात, तिसरं गाळतात. त्यांना ते उघडच वाटतं.

"हा दगड पायराइट आहे, कारण तो सोनेरी आहे." याला जेमतेम मार्क. त्याऐवजी: हा दगड पायराइट आहे. झिलई नसलेल्या पांढऱ्या फरशीवर घासल्यावर हिरवट काळी रेघ उमटली आणि याने काचेवर ओरखडा पडला. सोन्याची रेघ पिवळी येते आणि सोनं इतकं मऊ असतं की त्याने काचेवर ओरखडा पडत नाही, म्हणून हे सोनं नाही. आता पूर्ण मार्क. सोनार कसोटीवर सोनं घासून बघतो ते मुलाला माहीत असेल तर ही लॅब त्याला दोन मिनिटांत समजते.

पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं लिहिणं म्हणजे अभ्यास पक्का, हे इथे उलटं पडतं. न सांगता उतरवलं तर ती नक्कल ठरते. मोडकं इंग्रजी चालतं, पण स्वतःचं हवं. शाळेत नाव घालताना घरची भाषा विचारतात तेव्हा आपण "मराठी" लिहितो, मग मुलाची इंग्रजीची चाचणी होते आणि काही पालक घाबरून पुढच्या वेळी "इंग्लिश" लिहा म्हणतात. असं करू नका. मदत लागणार असेल तर ती त्या एका शब्दामुळेच मिळते.

६. खनिजांची लॅब, घरी सराव करून

फ्रिडरिश मोस याने १८१२ मध्ये केलेली काठिण्याची श्रेणी अजूनही चालते. शंखजिरं १, जिप्सम २, कॅल्साइट ३, फ्लोराइट ४, ॲपेटाइट ५, ऑर्थोक्लेज ६, क्वार्ट्झ ७, टोपाझ ८, कुरुंद ९, हिरा १०. नखाचं काठिण्य साधारण २.५, काचेचं ५.५.

दहा नावं पाठ करून घेण्यात संध्याकाळ घालवू नका, तक्ता बहुधा समोरच असतो. सापळा दुसरा आहे. मऊ खनिज काचेवर घासलं की काचेवर पांढरी रेघ दिसते आणि मूल लिहितं "ओरखडा पडला". ती त्या खनिजाचीच भुकटी असते. बोट ओलं करून (पाण्याने, थुंकीने नव्हे) पुसायचं. पुसलं गेलं तर भुकटी, राहिलं तर ओरखडा. दुसरा सापळा रंगाचा. क्वार्ट्झ पांढरा, गुलाबी, जांभळा, धुरकट कसाही असतो. रंगावरून ओळखायचं शेवटी, आणि तेही बिचकत.

७. चंद्राची वही

महिनाभर रोज चंद्र बघून आकार काढायचा, वेळ आणि दिशा लिहायची. ऐकायला सोपं. पौर्णिमेपर्यंत सगळं छान चालतं. नंतर मूल रात्री नऊला खिडकीतून बघतं, चंद्र नसतो, मग "दिसला नाही, दिसला नाही" अशी पाच पानं भरतात आणि मार्क जातात. चंद्र रोज सरासरी पाऊण तासाहून जास्त उशिरा उगवतो. संकष्टीला चंद्रोदयासाठी ताटकळलेल्या कुठल्याही आजीला हे माहीत आहे, फक्त आपण ते विज्ञान म्हणून कधी मुलांना सांगत नाही. कृष्ण पक्षात निरीक्षण सकाळी करायचं. पौर्णिमेनंतरचा साधारण आठवडाभर स्कूल बसची वाट बघताना तोच चंद्र पश्चिमेकडे दिसतो.

ढग असतील तर "ढगाळ" लिहा. मोबाइलवर बघून आकार काढू नका. सलग तीस दिवस स्वच्छ आकाश न्यू जर्सीत कुणालाच मिळत नाही आणि शिक्षकही त्याच आकाशाखाली राहतात.

दोन गैरसमज आईबाबांनीच आधी काढून टाकावेत, कारण मुलं घरी विचारतात आणि आपण ठोकून देतो. चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीने होत नाहीत, सावली फक्त ग्रहणात पडते. आणि उन्हाळा पृथ्वी सूर्याजवळ आल्याने होत नाही. सूर्याच्या सगळ्यात जवळ आपण जानेवारीच्या सुरुवातीला असतो, जेव्हा इथे गाड्यांवरचा बर्फ खरवडत असतो. कारण आहे कललेला अक्ष. इथे २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजावर जेमतेम २६-२७ अंश चढतो, पुण्यात त्याच दिवशी ४८. पुण्यात मे आणि जुलैमध्ये एकेक दिवस असा येतो की दुपारी सावली पायाखालीच जाते. इथे असा दिवस कधीच येत नाही. धाकट्याने आजोबांना फोन करून अंगणातल्या काठीची सावली मोजायला लावली आणि दोन गावांचे आकडे शेजारी शेजारी लिहिले. त्यावर शिक्षिकेने काढलेला स्माइली त्याने आजोबांना फोटो काढून पाठवला.

८. पोर्टलवरचं शून्य

आठवड्यातून एकदा पोर्टल बघा. रोज नको, तुम्हीही वेडे व्हाल आणि मूलही. ९०, ९५ आणि ८५ असेल तर सरासरी ९०. त्यात एक न दिलेलं काम शून्य म्हणून धरलं गेलं की सरासरी ६७.५. म्हणून उशिरा का होईना, अर्धवट का होईना, काहीतरी द्यायचंच. "पूर्ण झालं नाही म्हणून दिलं नाही" हा आपल्या हुशार मुलांचा खास रोग आहे.

ऑनलाइन काम फाइल जोडून भागत नाही, "टर्न इन" दाबावं लागतं. थोरलीची दोन कामं पूर्ण करून आठवडाभर तशीच पडली होती.

९. शिक्षकांशी बोलणं

"टीचर", "सर", "मॅडम" नाही. मिस्टर किंवा मिस आणि आडनाव. मेल मुलाने स्वतः लिहायचा, तुम्ही मागे उभे राहा हवं तर. तीन ओळी पुरतात: मी कुठल्या तासाला आहे, काय कळलं नाही, कधी येऊन भेटू. वर्गाआधी किंवा नंतर मदतीची वेळ असते, ती मागायला लाज नाही.

बॅक टू स्कूल नाइट म्हणजे पालकसभा नव्हे. तुम्ही मुलाच्या वेळापत्रकाप्रमाणे वर्गावर्गात दहा-दहा मिनिटं फिरता, शिक्षक विषयाची ओळख करून देतात. तिथे "आमचा कसा आहे?" विचारू नका. त्यासाठी वेगळी भेट ठरवा. जाताना हातात पानभर तक्रारी नकोत, मुलाची वही असू द्या.

१०. सहल, भारतवारी आणि दगड

ऑग्डेन्सबर्गच्या स्टर्लिंग हिल खाणीत अनेक शाळा मुलांना नेतात. १९८६ मध्ये बंद पडलेली ही जस्ताची खाण आता संग्रहालय आहे. आत बारमाही १३ अंश सेल्सिअसच्या आसपास, तेव्हा जूनमध्येही जाकीट द्या. दिवे घालवून अतिनील प्रकाश टाकतात तेव्हा भिंतीतलं विलेमाइट हे जस्ताचं खनिज हिरवं आणि कॅल्साइट तांबूस नारिंगी पेटतं. पालक स्वयंसेवक मागतात. रजा टाकून जा.

डिसेंबरात तीन आठवडे भारतात जाणार असाल तर तिकीट काढल्या काढल्या शाळेला कळवा आणि लॅबचं काय ते लेखी विचारा. धडे ऑनलाइन मिळतात, चुकलेली लॅब नाही.

परत येताना मुलं दगड आणतात. माती चिकटलेला दगड आणू नका, परवान्याशिवाय माती अमेरिकेत आणता येत नाही. ब्रशने घासून धुवा आणि कस्टम्सला सांगा. इथल्या राष्ट्रीय उद्यानांतून दगड उचलणंही बेकायदा आहे. पॅटरसनचा ७७ फुटी धबधबाही अशाच उद्यानात आहे, तो बघायला जाल तेव्हा मुलाचे खिसे तपासा.

त्या धबधब्याचा कडा बेसाल्टचा आहे, सुमारे वीस कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. पॅटरसनच्या जुन्या खाणींत त्या बेसाल्टच्या पोकळ्यांमध्ये स्टिल्बाइट, ह्यूलंडाइट सापडत असे. पुणे-नाशिककडच्या बेसाल्टमध्येही हीच खनिजं मिळतात. धाकट्याने गेल्या खेपेला मामाकडून स्टिल्बाइटचा लाडवाएवढा तुकडा आणला, धुऊन, वर्तमानपत्रात गुंडाळून. वर्गात न्यायच्या आदल्या रात्री चिठ्ठी लिहायला बसला: खनिज, खडक, गाव, तारीख. गावाचं नाव मामाला आठवेना, "नाशिक रोडला घेतला" एवढंच. मी म्हटलं, लिही सिन्नर, तिथलाच असेल. त्याने माझ्याकडे बघितलं आणि लिहिलं: विकत घेतला, नक्की ठिकाण माहीत नाही.